खरादावरचा हात

बडोद्यात गोत्रीतल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे मी नंबरची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एक वयस्क जोडपं होतं.

“अहो, दीप्ती भेटली लहरीपुऱ्यात. काकांनी खरादाचा वर्ग का बंद केला, माझं काही चुकलं का, म्हणून विचारत होती. मला तर पत्ताच नाही!”

“सांगणारच होतो, नलिनी.”

“रिफायनरीतून रिटायर झाल्यावर संखेड्याला जाऊन खरादावर लाकूड फिरवून घडवायला शिकलात. तिथल्या खराद्यांनी जीव लावून शिकवलं, म्हणून तुम्हीही सगळ्यांना शिकवायला लागलात. आणि आता हे?”

“हात कापतो गं.”

“तो दिवाळीपासून कापतोय. नुसतं तोंडाने सांगा ना.”

“हातात धरून दाखवल्याशिवाय पटाशी कळत नाही. परवा दीप्ती लाटणं करत होती. लाकूड छान फिरत होतं, पण तिची पटाशी सारखी थरथरत होती. लाटणं खडबडीत झालं. म्हटलं, दीकरा, हात का हलवतेस?”

“मग?”

“म्हणाली, काका, तुम्ही दाखवलंत तसंच करतेय.”

“अगं बाई! मग आजाराचं सांगितलं नाहीत तिला?”

“नाही. छान झालंय म्हटलं आणि मशीन बंद केलं.”