लेकराची वाकळ

(उमरी. दुपारची वेळ, घराची ओसरी. महानंदाच्या पुढ्यात जुन्या लुगड्यांचे तुकडे पसरलेले. शेजारी तिचा नवरा, अश्वजित.)

महानंदा: सोडा म्हणले ना कापड. मी धरते.

अश्वजित: धर की. मी नुस्तं ताणून धरलंय, शिवून तर तूच रायलीस.

महानंदा: ताणून धरायला माणूस लागला तर ती वाकळ माझी कशी? आजवर इतक्या शिवल्या, कधी बोलावलं तुमाला?

अश्वजित: आजवर हात धड होता. ऑपरेशन झाल्यापासून वरीसभरानं आज पहिल्यांदा सुई धरलीस. सावकाश घे. मायाला आत्ताशी सातवा लागलाय, घाई कशाची?

महानंदा: पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येईल ती. त्याच्या आत व्हायला पाहिजे. गल्लीतल्या अर्ध्या लेकरांना मी वाकळ शिवून दिली, हौसेनं दिली. अन् माझ्याच नातवाला काय, बाजारातलं ब्लँकेट घालू?

अश्वजित: तसं कोण म्हणून रायलं? हे बघ, आले की सात-आठ टाके.

महानंदा: टाके म्हणायचे का हे? एक इकडं, एक तिकडं. माझा टाका मुंग्यांची रांग चालल्यावाणी पडायचा.

अश्वजित: पडंल. सवय झाली की पडंल. चेंडू दाबायला लागली तवा मूठ तरी कुठं वळत होती? आता वळती का न्हाई? तसंच हे पण... थांब. अगं थांब! सुई काढ!

महानंदा: काय झालं?

अश्वजित: बोटात गेली की. मधल्या. कापडाला रक्त लागून रायलंय, दिसंना का तुला?

महानंदा: माय गं. किती आत गेली.

अश्वजित: दुखलं न्हाई?

महानंदा: न्हाई.

अश्वजित: थोडंबी?

महानंदा: न्हाई म्हणले ना. निखारा ठेवा त्या बोटावर, तरी समजायचं न्हाई.

अश्वजित: हळद आणतो.

महानंदा: बसा. हळद नको. काल नांदेडला तुमी गोळ्या आणायला खाली गेलता, तवा डॉक्टर माझ्यासंगं बोलले.

अश्वजित: मला तर म्हणले ठीक हाय.

महानंदा: मला म्हणले, वरीस झालं, जेवढं यायचं होतं तेवढं येऊन गेलं. अंगठा अन् ही दोन बोटं आता अशीच राहणार.

अश्वजित: एका डॉक्टरच्या बोलण्यावर काय जायचं? लातूरला दाखवू. जावयाच्या वळखीचा एक हाय, मोठा...

महानंदा: मग त्यांनी फाइल चाळली. त्यात इथल्या डॉक्टरची चिठ्ठी निघाली.

अश्वजित: कोणती चिठ्ठी?

महानंदा: वादळात पत्रा लागला, त्या संध्याकाळची.

अश्वजित: असंल. जुने कागद लई हायत त्यात.

महानंदा: सातवीपर्यंत शिकलेली हाय मी. मराठीत लिहिली होती चिठ्ठी. 'मनगटातली नस तुटली आहे. आजच नांदेडला न्यावे.' आजच. त्याच्याखाली दोन रेघा मारलेल्या. डॉक्टर मला विचारतेत, बाई, चौथ्या दिवशी आलात, तोवर कुठं होता? मी काय सांगणार?

अश्वजित: महानंदा...

महानंदा: त्या संध्याकाळी दवाखान्याच्या बाहेर येऊन मला काय म्हणलात तुमी? तुमच्या तोंडानं ऐकायचं हाय.

अश्वजित: म्हणलो, टाके घातलेत. पट्टीनं बरं होईल म्हणलेत.

महानंदा: हं.

अश्वजित: तिसऱ्या दिवशी लातूरचे पाहुणे येणार होते मायाला बघायला. आधी दोन जागी फिसकटलेलं. तू दवाखान्यात हाय म्हणलं असतं तर ते म्हणले असते, पुढं बघू. अन् पुढं बघू म्हणलेले परत येत न्हाईत, तुलाबी ठाऊक हाय. त्यांनी त्याच बैठकीत होकार दिला का न्हाई? मला वाटलं, तीन-चार दिवसानं काय बिघडतंय. शप्पथ सांगतो, एवढं होईल असं वाटलं न्हाई. अन् तुला सांगितलं असतं तरी तू काय म्हणली असतीस?

महानंदा: पाहुणे येऊन जाऊ द्या म्हणले असते.

अश्वजित: मग?

महानंदा: मग काय मग? ते माझं म्हणायचं होतं. हात माझा होता. पदराखाली पट्टी झाकून पोहे दिले मी त्यांना, हसून बोलले. बोटं वळंनात, तर मला वाटलं सुजेमुळं. तुमाला समदं ठाऊक होतं. समोर बसून बघून रायले होते.

अश्वजित: हाव. बघून रायलो होतो.

महानंदा: अन् वरीसभर सकाळी उठून माझे चेंडू दाबणं मोजत बसले.

अश्वजित: वाटायचं, तू बरी झालीस की हे मिटून जाईल. सांगायची पाळीच येणार न्हाई.

महानंदा: फोन वाजून रायला. मायाचा असंल. उचला अन् स्पीकरवर टाका, माझ्या बोटानं ते लागत न्हाई.

अश्वजित: मागून करू.

महानंदा: उचला. डोळे पुसा आधी.

महामाया: मम्मी, जेवलीस का? काल डॉक्टर काय म्हणाले? पप्पांनी नुसतं ठीक आहे म्हणून फोन ठेवला.

महानंदा: ठीकच हाय, बाई.

महामाया: आणि वाकळ? मी इथं सासूबाईंना सांगून ठेवलंय, माझ्या मम्मीचा टाका बघाच एकदा म्हणून.

महानंदा: आजच घेतली शिवायला.

महामाया: खरंच? हात दुखत नाही ना गं?

महानंदा: न्हाई. बिलकुल दुखत न्हाई.

महामाया: मला मनात सारखं यायचं. मला बघायला आले तेव्हाच तुझं ते सगळं झालं. त्या गडबडीत तुझ्या हाताकडं कुणी...

महानंदा: येडी का तू? पत्रा उडाला, हात कापला. तुझ्या लग्नाचा काय संबंध? पोटाकडं बघ तुझ्या. वेळेवर खा. ठेव आता, पप्पाला बाहेर जायचंय.

अश्वजित: तिला सांगितलं न्हाईस.

महानंदा: तिला कशाला? नवऱ्याचं तोंड बघितलं की माझा हात आठवंल तिला, जन्मभर.

अश्वजित: महानंदा, मला...

महानंदा: माफी मागू नका. माझ्याकडं आज न्हाई द्यायला.

अश्वजित: मग काय करू मी?

महानंदा: हे समदं गाठोड्यात बांधा अन् शेजारी सिंधूवैनीकडं नेऊन द्या. टाका बारीक घाल म्हणावं, लेकराच्या अंगाला टोचू नये. अन् कुणाजवळ बोलू नको म्हणावं.

अश्वजित: माया आल्यावर तुझ्या हातची म्हणून द्यायची?

महानंदा: हाव.

अश्वजित: अन् तिला समजलं तर?

महानंदा: मला वरीसभर समजलं न्हाई. बघत काय बसलात? बांधा.

अश्वजित: बांधतो. सुई-दोरा पण देऊ संगं?

महानंदा: न्हाई, सुई ऱ्हाऊ द्या. अन् टाके घालून बघायला एक चिंधी ठेवा इथं, कोणतीबी.