प्रबोधरावांचा कोळसा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय विवेकराव, अगत्याने वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या सुलेखाताई, आपले सत्कारमूर्ती प्रबोधराव वैरागडे, त्यांच्या शेजारी बसून ‘फार लांबवू नकोस’ अशा नजरेने माझ्याकडे बघणारी त्यांची पत्नी आणि माझी मैत्रीण शुभदा, आणि टॅम्पिनीसपासून एमआरटीच्या गाड्या बदलत बदलत इथं बुकित बातोकला पोचलेल्या माझ्या सर्व सुहृदांनो, सविनय नमस्कार.

प्रबोधरावांबद्दल बोलायला मला का उभं केलं, हे कार्यकारिणीलाच ठाऊक. आम्ही एकाच गुंतवणूक फंडात काम करतो. ते प्रकल्प आणतात आणि मी जोखीम विभागात बसून ते पाडते. मला त्याचाच पगार मिळतो. म्हणजे ज्या बाईने या गृहस्थांना वर्षानुवर्षं ‘नाही’ म्हटलं, तिलाच आज त्यांचं कौतुक करायला सांगितलं आहे.

प्रबोधरावांचा कोळसा या सभागृहात कोणाला नवा आहे? गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत त्यांच्या पुढे उभं राहण्याची चूक ज्यांनी केली, त्या सगळ्यांना कोळशापासून गॅस कसा करतात हे तोंडपाठ आहे. तरी नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. कोळसा उघड्यावर जाळला की आधी धूर होतो आणि मग तो गाळत बसावं लागतं. त्याऐवजी तो बंद भांड्यात घालायचा, हवा अगदी बेताची द्यायची, वर वाफ सोडायची. तो धड जळत नाही, त्याचा गॅस होतो. तो गॅस आधी स्वच्छ करायचा, मग त्यावर वीज करायची. प्रबोधराव हे सांगताना हातातली शिऱ्याची वाटी हेच भांडं समजतात, आणि शिरा गार होतो.

आमच्या फंडाच्या समितीपुढे ते शिऱ्याविना हेच सांगत. आपल्या देशातला कोळसा उद्या सकाळी बंद होणार नाही, मग तो वापरायचा तर नीट का वापरू नये? दुपारी सौर वीज स्वस्त मिळते, तेव्हा आमची वीज कोणी घेणार नाही हे मान्य. पण त्या वेळी तोच गॅस खताच्या कारखान्याला द्या. एका यंत्राला दोन गिऱ्हाइकं, असा त्यांचा मुद्दा. त्यावर मी उठून म्हणायची की खर्च अवाढव्य आहे, इतर ठिकाणी अशी केंद्रं बांधताना अंदाजपत्रकं कोलमडली आहेत, आपल्या कोळशात राख फार, आणि कार्बन वेगळा काढलात तरी तो ठेवणार कुठे? मग चहा यायचा. सभा संपली की आम्ही दोघं एकाच गाडीने घरी जायला निघायचो आणि तोच वाद मराठीतून घालायचो. आजूबाजूची मंडळी हळूच डबा बदलत.

एवढा हट्ट कशासाठी, असं मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी माईंची गोष्ट सांगितली. माई म्हणजे त्यांच्या आई. चंद्रपूरकडे एका कोळसा खाणीच्या गावात राहतात, जवळच जुनं वीज केंद्र आहे. माई इथं महिनाभर राहायला आल्या होत्या. आपल्या फ्लॅटच्या खिडकीबाहेर बांबूवर कपडे वाळत घालतात ना, तसं शुभदा घालत होती. माईंनी तिला थांबवलं आणि आधी ओल्या फडक्याने बांबू पुसून घेतला. संध्याकाळी पातळ आत घेतलं आणि झटकलं. काहीच पडलं नाही, म्हणून पुन्हा झटकलं. महिनाभर त्या रोज बांबू पुसत राहिल्या आणि पातळ झटकत राहिल्या. काजळी न पडणारं आभाळ असतं, यावर त्यांचा विश्वासच बसेना. प्रबोधराव स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. हे सांगताना त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि मी त्या दिवशी वाद घातला नाही.

आता आमच्या फंडातली एक पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. मतदानाआधी बाजू बदलायची. ज्याने प्रस्ताव आणला त्याने विरोधात बोलायचं, आणि ज्याने विरोध केला त्याने बाजूने. बहुतेक लोक हे काम उरकून टाकतात. मुलाखतीत स्वतःचा दोष विचारला की ‘मी फार मेहनत करतो’ म्हणतात ना, तसं.

त्या वर्षी गॅसचे भाव चढले होते आणि समिती प्रबोधरावांच्या बाजूला झुकली होती. सगळ्यांच्या चेहऱ्यावर होकार दिसत होता. बाजू बदलायची वेळ आली. प्रबोधराव उठले आणि शांतपणे म्हणाले, “आमच्या चाचण्या निवडलेल्या, धुतलेल्या कोळशावर झाल्या आहेत. पावसाळ्यात खाणीतून येणारा कोळसा असा नसेल. त्या राखेने भांडं पुन्हा पुन्हा बंद पडेल. यावर आज माझ्याकडे उत्तर नाही.”

हा मुद्दा माझ्याकडेही नव्हता. मग माझी पाळी आली. मी, विनीता, जिने जन्मभर नन्नाचा पाढा वाचला, ती कोळशाच्या बाजूने इतकी जीव तोडून बोलले की माझे साहेब चकित झाले. काही उपयोग झाला नाही. त्यांनी स्वतःला माझ्यापेक्षा चांगलं पाडलं होतं. प्रस्ताव नामंजूर झाला.

गाडीत मी त्यांच्यावर चिडले. “थोडं मोघम बोलला असता तर काय बिघडलं असतं?” ते म्हणाले, “विनीताताई, असं केंद्र उभं राहून बंद पडलं, तर आमच्या गावात पुढची तीस वर्षं कोणी पैसा घालणार नाही. मला ते मंजूर व्हायला नको आहे, चालायला हवं आहे.” माणूस आपल्या आयुष्याचं स्वप्न असं बाजूला ठेवताना मी दुसरा पाहिला नाही. त्या दिवसापासून मला हा माणूस फार आवडतो, हे आज सगळ्यांसमोर सांगून टाकते.

त्यांच्या त्या दहा मिनिटांच्या विरोधी भाषणामुळेच पुढच्या वर्षी समितीने त्यांच्या गावाजवळ चाचणीचं एक लहान युनिट मंजूर केलं. खाणीतून येईल तसाच कोळसा घालून बघायचा. अट एकच, आपला एक माणूस दोन वर्षं तिथं राहिला पाहिजे. खोलीतल्या प्रत्येकाला अचानक फोन आले. प्रबोधरावांनी हात वर केला.

घरी वादळ झालं. त्यांची लेक गार्गी म्हणाली, “बाबा, you mad ah? My A levels how?” खरंच आहे तिचं. तिच्या बारावीच्या परीक्षा होईपर्यंत शुभदा आणि गार्गी इथंच राहणार, आणि बाबा तिकडे एकटे. शुभदा, तू मला म्हणालीस की तुला त्यांचा अभिमानही वाटतो आणि रागही येतो. दोन्ही असू दे. तुमच्या घरी येऊन जेवण्याची माझी सवय काही सुटणार नाही, आणि गार्गीची गणितं मी तपासेन.

गेल्या रविवारी मी अशीच तिथं जेवत होते. प्रबोधरावांनी माईंना स्पीकरवर फोन लावून सगळं सांगितलं. युनिट, गॅस, राख, सगळं. माईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे अजून एक धुराडं आणून राहिला का रे, बाबू?”

आमच्या समितीने इतक्या वर्षांत विचारलेला एकही प्रश्न याच्या जवळपास पोचत नाही. गार्गीसुद्धा हातातला फोन ठेवून बापाकडे बघायला लागली. प्रबोधरावांनी आलेख काढला नाही. ते म्हणाले, “धूर झाला तं पयले आपल्याच घरात येईन ना, माई. म्हणून तं मी तुह्यापाशी राहाले येऊन राहिलो.”

माई म्हणाल्या, “मंग ये.”

अध्यक्ष महोदय, मी नोकरीभर हमी मागत आले. बँकांची मागितली, कंपन्यांची मागितली, सरकारांची मागितली. स्वतःच्या आईला शेजारी घेऊन प्रकल्पाच्या दारात राहायला जाणारा माणूस मला कोणी हमी म्हणून दिला नव्हता. माझ्याकडे आता एकही हरकत शिल्लक नाही.

मंडळाने ही संधी दिली, तुम्ही मसालेभात गार होत असताना ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्यात कोळसा जास्त आणि माणूस कमी झाला असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. आणि प्रबोधराव, युनिट बंद पडेल. एकदा नाही, बऱ्याचदा पडेल. त्या दिवशी फोन करा. जोखीम विभागाला नको, मला करा.

नमस्कार.