थोरलीच्या गळ्यातली घंटा

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं मोठ्यानं बोल, हा राखणदाराच्या खोलीतला फोन आहे, तुझ्या-माझ्या जन्माच्या आधीचा… हो, मीच. ताईच. सकाळी सव्वाआठला इथं दुसरं कोण उचलणार?

हो, हो… उठल्या तुझ्या मोठ्या बाई. त्यांचे मिस्टरही उठले… छान झोप झाली म्हणाल्या. अगदी याच शब्दांत, ‘कितीतरी वर्षांत अशी झोप लागली नव्हती.’

चेष्टा कुठं करतेय? तुझा फायदा मोजून देतेय. तुला काय हवं होतं, चिमे? तुझ्या शाळेच्या मोठ्या बाईंनी शनिवार-रविवार तळ्याकाठी तंबूत राहावं, घोड्यावर बसावं, फोटो काढावेत, खूश होऊन घरी जावं आणि सोमवारी तुला कायम करायच्या कागदावर सही करावी. नऊ वर्षं हंगामी म्हणून राबलीस, आता सुटका. हेच ना?… मग समज झाली सही. बाई खूश आहेत.

अगं ऐक ना…

नाही, पावसाचा थेंब नाही… तंबू कोरडा… हो, उशा दिल्या, तू पाठवलेल्याच, फुलाफुलांच्या. घोड्यांच्या तळावर फुलाफुलांच्या उशा! दीडशे वर्षांत पहिल्यांदा आल्या असतील. टपालाचे घोडे बदलायचे इथं, तेव्हाची माणसं खोगिरावर डोकं टेकून झोपायची… बरं, बरं. नाही बोललं काही त्यांच्यापुढं. मी कशाला बोलू? मी घोडेवाली.

मिस्टर? मिस्टर कालपासून नवेकोरे बूट घालून फिरतायत. गुडघ्यापर्यंत. घोड्याच्या मात्र दहा हात लांबून… हो, बाई बसल्या ना, भित्र्यावर बसल्या. तो बिचारा स्वतःच घाबरट, गोगलगाईसारखा चालतो. बाईंना वाटलं, आपण त्याला काबूत ठेवला.

चिमे, जरा ऐकतेस? म्हातारा सापडत नाहीये.

…अगं आपला म्हातारा. घोडा. साडेसहापासून दिसत नाही.

‘येईल की’ काय? कसा येईल? डोळे आहेत का त्याला? सहा वर्षं झाली दोन्ही डोळ्यांना पडदा येऊन. तुला सांगितलं होतं फोनवर. तू तेव्हा म्हणाली होतीस, ‘अरेरे.’

तेच तर सांगतेय. तो थोरल्या घोडीच्या मागं चालतो. थोरलीच्या गळ्यात घंटा असते, अप्पांनी बांधलेली, पितळी. ती चरत पुढं सरकली की घंटा वाजते, हा त्या आवाजावर पाऊल टाकतो. ती पाण्यावर गेली की हा पाण्यावर. ती थांबली की हा थांबतो. दावं नको, लगाम नको. बांधून ठेवला तर गवताला तोंड लावत नाही, म्हणून अप्पा असतानाही सकाळी मोकळाच सोडायचो.

हो. तीच घंटा.

मी कुठं म्हणतेय तुझ्यामुळं? मी फक्त काय झालं ते सांगतेय. काल पहाटे साडेपाचला घोडे कुरणावर सोडले, घंटा वाजली, बाईंची झोप मोडली. त्यांनी इथूनच तुला फोन केला. ‘जागा सुंदर आहे हो, पण ती घंटा…’ मग दुपारी तुझा मला फोन. आठवतंय का, काय म्हणालीस?… ‘ताई, एवढं एक कर माझ्यासाठी. एका सकाळचा तर प्रश्न आहे.’

कोंबलं होतं. आत फडकं कोंबून पाहिलं ना काल. तरी खडखडत होती. मग आज पहाटे काढलीच गळ्यातून.

हो गं, माझीच चूक. मी नाही कुठं म्हणतेय? मला वाटलं, तासाभराचा तर प्रश्न. वासावर राहील तिच्या मागं. तीस वर्षं घोड्यांत काढली मी, आणि मला वाटलं! तुला वाटलं असतं तर एक वेळ ठीक, तुला घोड्याचं तोंड कुठलं नि शेपूट कुठली एवढंच ठाऊक. पण मी?

भित्र्याला खरारा करत होते. वर बघितलं तर कुरणावर थोरली एकटी. तळ्यावर धुकं, हाताचा पंजा दिसेना असं.

…वाजवली ना. म्हणजे, वाजवणार होते. घंटा खिशातच होती. कुरणाच्या मधोमध उभी राहिले, बाईंच्या तंबूपासून वीस पावलांवर. घंटेचा लोलक मुठीत घट्ट धरलेला, नुसती मूठ सोडायची बाकी. आणि मला तू दिसलीस. नऊ वर्षं दर जूनमध्ये नव्यानं अर्ज लिहिणारी. परवा सांगत होतीस ना, घराचे हप्ते, पोरीची फी, सासूबाईंचं बोलणं… ते सगळं आठवलं. म्हटलं, पावणेसातला बाईंना उठवलं तर चिमीचं काय होईल?

मग गेले पागेच्या मागं. दगडी पागा मध्ये आली की तंबूत आवाज पोचत नाही. तिथं जाऊन वाजवली. हळू… हळू म्हणजे हळू, चिमे! देवघरात वाजवतात तशी. अर्धा तास.

नाही. नाही आला. भिंतीपलीकडं धुक्यात, तळ्याच्या पाण्यात मध्येच काहीतरी खळबळायचं. मला वाटलं बदकं.

साडेसात वाजले तेव्हा मात्र माझ्याच्यानं राहवेना. कुरणावर आले आणि हात दुखेपर्यंत वाजवली. बाई बाहेर आल्या डोळे चोळत. काय म्हणाल्या असतील?… ‘अय्या, नाश्त्याची घंटा का?’

हो. हसले. काय करणार? अंडी उकडायला ठेवली.

राखणदारकाका गेलेत होडी घेऊन. तासभर होत आला… इथून खिडकीतून दिसतंय तळं, धुकं निम्मं उठलंय. थोरली पाण्याच्या कडेला उभी आहे. चरत नाही, काही नाही. मघापासून खिंकाळतेय… ऐकू येतंय तुला? फोन खिडकीशी धरू?… नको तर नको.

नाही सांगितलं बाईंना. विचारत होत्या, तो तपकिरी गोडुला कुठाय म्हणून. त्याच्याबरोबर फोटो राहिलाय त्यांचा. मी म्हटलं, पाण्यावर गेलाय.

कळतंय मला, चिमे. कळतंय. त्यांना वाटायला नको की त्यांच्यामुळं… हो, मन कोवळं आहे त्यांचं, पाहिलं मी. काल मिस्टरांनी मुंगी चिरडली तर हळहळल्या. हो, जाईपर्यंत नाही सांगत. दहाला निघणार आहेत… शपथ कसली घालतेस? नाही सांगत म्हटलं ना!

थांब. होडी आली.

एकटेच आहेत… थांब गं जरा, बोलू नको.

चालत येतायत इकडं. टोपी काढलीय हातात.

काय झालं, काका?… कुठं?…

बसा आधी. पाणी प्या… बसा म्हणते ना.

…

आहे मी. आहे फोनवर. सापडला.

नाही.

पाण्यात.

ते म्हणतायत, पायऱ्यांवरून उतरला असावा. घोड्यांना पाणी पाजायला बांधलेल्या जुन्या पायऱ्या, तू लहानपणी घसरून पडली होतीस बघ. तिसरीच्या पुढं तुटलेल्या आहेत, पुढं एकदम खोल. इथं असलो की रोज थोरली दुसऱ्या पायरीवर थांबते, घंटा थांबते, हा थांबतो. आज त्याच्या पाण्याची वेळ झाली, सवयीनं गेला. थांब म्हणणारं पुढं कुणी नव्हतं.

नाही, लगेच नाही. घोडा पोहतो गं, चांगला पोहतो. पण आंधळ्याला काठ कुठल्या बाजूला ते कसं कळणार? कुरणाची बाजू उतरती आहे. तिकडं वळला असता तर चालत वर आला असता, अंग झटकून.

पागेच्या मागं सापडला.

कळलं का तुला मी काय म्हणतेय ते? पागेच्या मागं. तिथं काठ नाही, तिथं सरळ भिंत आहे, दोन पुरुष उंच, पाण्यातून वर आलेली. भिंतीच्या अलीकडं मी उभी, हळूहळू घंटा वाजवत. पलीकडं तो. त्याला ऐकू आली, चिमे. एवढी हळू वाजवली तरी ऐकू आली त्याला. बरोबर आवाजावर आला. काका म्हणतायत, भिंतीवर टापांचे ओरखडे आहेत. ताजे. पुष्कळ.

बदकं नव्हती ती.

…

रडू नकोस. मी नाही रडत तर तू कशाला रडतेस?… अगं हो, हो, तुला कुठं ठाऊक होतं? कुरणावर उभं राहून वाजवली असती तर बाई उठल्या असत्या, एवढंच. एक जांभई दिली असती त्यांनी… नाही, टोमणा नाही हा. टोमणा मारायला माझे हात स्वच्छ असायला हवेत. माझ्याच हातात होती ना घंटा?

पुरायचं बघतील काका, गावातून माणसं आणून… नाही, त्या गेल्यावर. दहानंतर. तोवर पागेच्या मागं जाऊ देत नाही कुणाला. हो, तेही आलं माझ्या डोक्यात. बघ, मला तुझ्यासारखा विचार करता यायला लागला.

काय?… अगं एक मिनिट, त्याच आल्यात दारात. या ना, या. हो, चिमीच आहे फोनवर… नाही नाही, सर्दी झालीय मला, तळ्याकाठचा गारवा… काय म्हणालात? ही?

…

ऐकतेस ना, चिमे? तुझ्या बाई म्हणतायत, ही घंटा किती गोड आहे. काल फार त्रास झाला हिचा, पण आता इथली आठवण म्हणून दाराला लावायला मिळाली तर… तुमच्याकडे दुसरी असेलच म्हणतायत.

विचारतेय मी तुला. देऊ?

…

बोल ना. अप्पांची वस्तू आहे, निम्मी तुझी. देऊ का नको?

काय?… परत बोल, ऐकू नाही आलं.

‘देऊन टाक.’ बरं.

घ्या बाई. चिमीनंच द्यायला सांगितलं. नाही हो, संकोच कसला? थोरलीला आता नसली तरी चालेल. ती वाजायची कुणासाठी… काही नाही. या, सांभाळून या, उंबऱ्यापुढची पायरी तुटकी आहे.

गेल्या. गाडीकडं गेल्या मिस्टरांना दाखवायला.

नाही बोलले ना काही? अजून काय हवं तुला? पाय धुवायचे राहिलेत त्यांचे, तेवढं सांग.

…

बरं. चुकलं. तुझं काम होऊ दे, मी काही त्याच्या आड येत नाही. आड यायचं होतं तर पावणेसातलाच आले असते. नऊ वर्षं थोडी नाहीत, मला माहीत आहे. तो महिना अखेरचा पगार, ते हप्ते, सगळं माहीत आहे. म्हणून तर मूठ सोडली नाही मी. फक्त सोमवारी सही झाली की मला फोन करून कळवू नकोस. पेढ्याचं वगैरे तर नाहीच नाही. समजेल मला.

अप्पांनी काय म्हटलं असतं ते नको बोलायला. अप्पा बरं झालं गेले.

काय आवाज?… हां, तो. त्याच. घंटा वाजवत चालल्यात गाडीपर्यंत. वाजवून दाखवतायत मिस्टरांना. फोन धरते खिडकीशी, ऐक… ऐकलंस? केवढ्यांदा वाजवतायत! अख्ख्या तळ्यावर जातोय आवाज. सकाळी एवढीच वाजवायची होती.

थोरलीनं मान वर केली बघ. मागं वळून बघतेय, आला का म्हणून.

…

हं. आहे. काका वही घेऊन उभे आहेत समोर. तळाची वही गं, आल्या-गेल्या घोड्यांची. नियम आहे इथला जुना, टपालाच्या काळापासूनचा. शुक्रवारी माझ्याच अक्षरात लिहिलंय, आलेले घोडे तीन. आता परत निघणाऱ्या घोड्यांचा आकडा घालायचा, कमी भरला तर पुढं कारण लिहायचं, सही करायची.

कारण काय लिहू, तूच सांग. शिक्षिका आहेस. ‘पाहुण्यांची झोप’?… नको?

‘वय झालं होतं.’ हं. हे बरं आहे. खोटंही नाही. लिहिते तसं.

बघ, तुझ्या आधी माझीच सही झाली.

हो, ठेवते आता. अंडी गार झाली असतील, बाईंना गार चालत नाहीत… नाही, रागावले नाही. तुझ्यावर नाही.

घ्या काका, वही. आकडा तुम्हीच घाला.

दोन.