न झालेल्या महोत्सवाची यादी

दातांच्या दवाखान्यात घड्याळवाले काका गालाला रुमाल लावून बसले होते. शेजारी एक जोडपं होतं. बाई मोबाइल वाचत होती आणि नवरा भिंतीवरचा दाढेचा तक्ता.

“अहो, बिअर महोत्सवांहून चाखलेल्या बिअरना चांदण्या देऊन आणायचात ना, त्या याद्या मी पाठवून दिल्या.”

“कुणाला?”

“जुन्या याद्या जपून ठेवणारी ती वेबसाइट आहे ना, तिला. अठराच्या अठरा. म्हटलं, निवृत्तीची भेट.”

“मला न विचारता?”

“भेट काय विचारून देतात? त्यांचं उत्तर आलंय. सतरा चढवल्या, एकीवर शंका आहे.”

“रिकामटेकडे आहेत. दे सोडून.”

“धाकटी झाली त्या वर्षीची. म्हणतात, हॉलचं छत गळत होतं, म्हणून महोत्सव झालाच नाही.”

“त्यांचीच चूक असेल.”

“यादी आदल्या वर्षीचीच आहे म्हणे. फक्त साल बदललंय.”

“बिअर त्याच असतात गं दरवर्षी.”

“तीन दिवस गेला होतात. धाकटीला कडेवर घेऊन मी स्टेशनवर आले होते सोडायला.”

“इतकं जुनं कुणाला आठवतंय?”

“अकरा नंबर!” आतून नर्सने हाक मारली.

नंबर घड्याळवाल्यांचा होता. ते उठायच्या आतच नवरा उभा राहिला.

“काका, तुमची हरकत नसेल तर मी जाऊ आधी? फार ठणकतेय.”

“जा की. माझी दाढ थांबेल.”

“जा, जा,” बाई म्हणाली. “पण तोंड बधिर करायच्या आधी एवढंच सांगा. त्या यादीत नवव्या बिअरला पाच चांदण्या कशाच्या दिल्यात?”