भिंतीएवढा दादा

वहिनी: थांबा भाऊजी, तो कागद उलटा लागतोय. कान खाली आलाय त्यांचा.

दीर: जवळून नुसते ठिपके दिसतात, वहिनी. कान कुठला, कॉलर कुठली, काही कळत नाही.

वहिनी: मागे होऊन बघा. पार दारापर्यंत जा. आता?

दीर: आता दादा दिसतोय.

वहिनी: पांढरी कड एकाच बाजूची कापा. दुसरी राहू द्या, तिच्यावर पुढचा कागद बसतो. दोन्ही कापल्या की मध्ये फट पडते.

आई: फ्लेक्सवाल्याकडे एका तुकड्यात झालं असतं की.

दीर: तो छापायला तयार नाही, आई. कारखान्याच्या सगळ्या पाट्या त्याच्याकडे होतात. दादाचा फोटो बघितला आणि म्हणाला, मशीन बिघडलंय. त्याच्या मागे चालू होतं मशीन.

आई: मग घरी तर घरी. हसरा आलाय गं माझा पोरगा.

दीर: त्याच दिवशी काढला मी, जेवणाच्या सुट्टीत. डब्यावरून माझी टिंगल चालली होती. संध्याकाळी कारखान्यात आग लागली.

वहिनी: प्रिंटरची शाई संपत आलीय. चेहरा झाला ते बरं, आता कडेचेच राहिलेत. भाऊजी, हे बघा जरा.

दीर: काय?

वहिनी: हा डावीकडचा कागद. त्यांच्या खांद्यामागे मागचं दार आहे ना हे?

दीर: हो.

वहिनी: आणि दारावर?

दीर: साखळी.

वहिनी: कुलूपसुद्धा आहे. मोबाइलवर हा कोपरा नखाएवढा होता, मला अंधारच वाटायचा.

आई: कसलं कुलूप?

वहिनी: चौकशीत कारखान्याचे साहेब काय म्हणाले, आई? दार उघडं होतं. सगळे बाहेर पडले, हे मोबाइल आणायला परत आत गेले, चूक त्यांचीच. दार उघडं नव्हतंच.

दीर: माल चोरीला जातो म्हणून लावायचे. सगळ्यांना ठाऊक होतं. चौकशीला बोलावलेल्यांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही.

आई: तो कागद लावू नका.

वहिनी: आई...

आई: चेहरा पुरे. कारखान्याच्या फाटकासमोरच्या सायकलवाल्याने दुकानाची भिंत दिलीय, उद्या पाळी सुटताना लोक बघतील, दोन मिनिटं थांबतील. एवढंच ठरलं होतं. फोटो कुणी काढला हे साहेबांना कळायला कितीसा वेळ लागतो? एक गेला माझा. दुसऱ्याला घरी बसवतेस?

वहिनी: मोबाइलपायी जीव गमावला म्हणतात त्यांना. किराणा घेताना माझ्या कानावर पडतं. त्याच लोकांना नुसता हसरा चेहरा दाखवू?

आई: माझ्या कानावर पडत नाही असं वाटतं तुला?

दीर: वहिनी, डिंक द्या.

आई: तू गप्प बस. तुझा पगार बंद झाला तर या घरात कोण कमावणार आहे?

दीर: आई, मी अजून त्याच खात्यात काम करतो. आगीनंतर मागचं दार नवीन बसवलं त्यांनी. साखळीही नवीन आणली.

(प्रिंटरमधून आणखी एक कागद फिका होत बाहेर येतो.)

आई: आताही लावतात?

दीर: पाळी सुरू झाली की.

आई: तू आत असताना?

दीर: सगळेच आत असतो, आई.

वहिनी: मला कधी बोलला नाहीत हे.

दीर: काय बोलायचं? तुम्ही रोज डबा हातात देता, मी घेऊन निघतो. द्या ना डिंक.

वहिनी: कड मी धरते. तुम्ही खालून वर दाबत या, नाहीतर सुरकुती पडेल.

आई: लांबून कळतंय का ते कुलूप?

दीर: कळतंय.

आई: मला हात दे. मागे ने, दारापाशी. हळू.

वहिनी: दिसलं, आई?

आई: दिसलं. भिंतीवर उंच लावा रे. खाली लावलंत तर फाडायला हात पोचेल साहेबांच्या माणसांचा.