थोरल्याचा हात

प्रतिक्षा : हा बघा तात्या, कंपनीचा सबवूफर. तुमच्या गाडीच्या सीटखालून काढला. ताटलीएवढा पण नाही. यातून ढोल ऐकायचा म्हणजे बादलीत पोहायला शिकायचं!

बिरू : आगं पन शोरूमवाला म्हनला, टॉप मॉडेल हाय, समदं आतूनच येतंय.

प्रतिक्षा : येतं की. पण त्याचा अँप्लिफायर लई भित्रा. आवाज वाढवला की स्पीकर फाटेल म्हणून बेस आपणहून कापतो.

बिरू : तरीच! मागल्या आयतवारी वैनीला गाडीत बसवलं आन दादाचा ढोल लावला. दादा जायच्या आदल्या सालचा, बिरोबाच्या जत्रंतला. साउंडवाल्यानं माइकवर घेतल्याला. आमा दोगा भावांचे दोन ढोल. तर काठीचीच टणाटणा. वैनी म्हनली...

साखरबाई : म्हनले, भावजी, ह्ये तुमचं दादा न्हवंत. हात कुठं हाय त्येंचा? चाळीस साल ऐकलाय म्या त्यो हात.

बिरू : दोन रोज जेवान ग्वाड लागलं न्हाय मला, पोरी.

प्रतिक्षा : आजी, हाताच्या बाजूचा घुमारा असतो ना, तोच ह्या डबड्यानं गिळला होता. आता डिकीत बारा इंची बसवलाय. अँप नवा, वायर थेट बॅटरीवरनं. इंदापूर-बारामतीत याहून साफ काम कुणी दाखवलं तर दुकानाची पाटी उतरवते.

बिरू : लई बोलतीस गं.

प्रतिक्षा : बोलते तसं वाजवते पण. काचा वर घ्या.

(ढोल सुरू होतो.)

बिरू : आयला! पाठीत बसतंय की!

प्रतिक्षा : अजून निम्माच आवाज आहे. आजी, कसं वाटतंय?

साखरबाई : गप ऱ्हा जरा.

प्रतिक्षा : एक मिनिट... इथं तुटला. बेसच गायब. तात्या, ढोल जरा मागं घेऊन लावा. हां... बघा, परत तिथंच! अँप बंद पडतोय मधेच. माझ्या हातून असं होतंच कसं? उतरा, डिकी उघडते.

साखरबाई : ए पोरी, हात लावू नगंस त्येला!

प्रतिक्षा : आजी, फॉल्ट आहे तो.

साखरबाई : फॉल्ट-बिल्ट काय न्हाय. ह्येच त्ये. दर जत्रंत हितंच चुकायचे. घरी आल्याव म्या चिडवायची, एवढं नाव तुमचं पंचक्रोशीत, आन ह्याच जागंला डुलकी लागती व्हय? नुस्तं हसायचे. उलटून येक सबुद न्हाय.

प्रतिक्षा : म्हणजे माझा अँप बरोबर आहे.

साखरबाई : बरुबर हाय. तुजी पाटी ऱ्हाऊ दे वर. भावजी, लावा की परत... आवं, तुमी का रडताय?

बिरू : वैनी, दादा चुकत न्हवता. तितं माजा हात आडकायचा, मी मागं पडायचो. लोकांस्नी कळू ने म्हून दादा हात उचलून थांबायचा, मी येस्तवर.

साखरबाई : चाळीस साल?

बिरू : व्हय. मला कवा बोलला न्हाय. तुमास्नी सांगायचं धाडस मला झालं न्हाय.

साखरबाई : आन म्या त्येंस्नीच हसले.

बिरू : बंद करू का, वैनी?

साखरबाई : नगं. लावा. ते थांबत्यात तेवढंच लावा.