कोणता प्रोसेसर देऊ?

बंद पडलेला लॅपटॉप छातीशी धरून शिक्षिकाबाई कॉम्प्युटरच्या दुकानात ताटकळत उभ्या होत्या. दुकानदार दोन प्रोसेसर दाखवत होता, पण त्यांच्या पुढच्या म्हाताऱ्या गृहस्थांचं काही केल्या ठरत नव्हतं.

"काका, हा घ्या. हिशेब करा, व्हिडिओ बनवा, कामाला वाघ आहे. गेमही बरे चालतात."

"आणि तो दुसरा?"

"तो गेमसाठी एक नंबर. पण बाकीच्या कामात मागे, शिवाय महाग. पैसे वसूल म्हणाल तर पहिलाच."

"दुसरा द्या."

"नातवासाठी का?"

"माझ्यासाठी."

"काय सांगता! या वयात बंदुकांचे गेम?"

"मुलगी खेळते. माझ्याशी भांडून घर सोडलं तिनं, फोन उचलत नाही. पण संध्याकाळी त्या गेममध्ये असते. तिचं तिथलं नाव तिच्या भावाकडून काढून घेतलं. माझा कॉम्प्युटर मधेच अडकतो, तोवर ती पुढे निघून जाते."

"म्हणजे बापलेक एकाच टीममध्ये?"

"हो. परवा मला गोळी लागली, तर एवढ्या धुमश्चक्रीत मागे फिरून तिनंच उठवलं."

"अरे वा! मग हा माइकवाला हेडफोन घ्याच. खेळता खेळता बोलता येईल."

"तो नको. आवाज ओळखला, तर खेळायचंच सोडून देईल ती."